चरबी किती, यापेक्षा कोठे?

देवनार म्हटले की मुंबईकराच्या मनात दोन चित्रे उभी राहतात आणि दोन्ही नाकाला रुमाल लावायला लावणारी असतात. एक तेथील जुनी कचराभूमी. दुसरा १९७१ साली सुरू झालेला महापालिकेचा कत्तलखाना. परंतु याच देवनारात, गोवंडी स्टेशनच्या रस्त्यावर, एक तिसरे स्थान आहे. ते आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे. ही संस्था १९५६ साली स्थापन झाली. देशभर घरोघर जाऊन जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली जाते, तिची सूत्रे या संस्थेकडे असतात.

कत्तलखान्यातला खाटिक आणि या संस्थेतला आकडेतज्ज्ञ यांची एकमेकांशी ओळख असण्याचे काही कारण नाही. तरीही दोघांना एक गोष्ट सारखीच ठाऊक आहे. खाटकाला ती हाताने ठाऊक आहे, आकडेतज्ज्ञाला टेपने. ती गोष्ट अशी की, शरीरातली चरबी ही सगळीकडे एकाच जातीची नसते. ती कोठे साठली आहे यावर तिचा पोत, तिचे घटक आणि तिचे वर्तन अवलंबून असते. आपण मात्र आयुष्यभर एकच प्रश्न विचारीत आलो: वजन किती? स्टेशनावरच्या त्या लाल-हिरव्या दिव्यांच्या यंत्रात नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट पडत असे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ते वजन खरे असे. पण भविष्याशी त्याचा संबंध आपण समजतो तितका सरळ नव्हता. तो का नव्हता, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ स्वयंपाकघरापासून करू. पौषातल्या पहाटे खोबरेलाची बाटली थिजलेली असते आणि शेजारची शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाची बरणी मात्र वाहती असते. तूप रवाळ होऊन बसते. तिन्ही पदार्थ स्निग्धच. मग एक थिजतो आणि दुसरा का थिजत नाही? या प्रश्नाचे पहिले पद्धतशीर उत्तर मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिले. प्राण्यांच्या चरबीवरचा त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. साबण आणि चरबी यांची चिकित्सा करता करता त्याला आढळले की चरबी हा एक पदार्थ नव्हे. ती ग्लिसरीन आणि निरनिराळी आम्ले यांचे संयुग आहे. या आम्लांना आपण मेदाम्ले म्हणू. शेव्ह्रल १०२ वर्षे जगला हे जाता जाता सांगतो. चरबीवर आयुष्य घालवणाऱ्याला दीर्घायुष्य लाभले, एवढा दिलासा श्रोत्यांना असावा.

एका ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली, अशी चरबीची मूळ घडण असते. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी. काही साखळ्या काठीसारख्या सरळ असतात. त्यांना संपृक्त म्हणतात. काहींत मध्येच एक किंवा अधिक दुहेरी बंध असतात आणि त्या ठिकाणी साखळी वाकते. त्यांना असंपृक्त म्हणतात. लाकडाच्या वखारीत जो कधी गेला असेल त्याला पुढचे सांगावे लागणार नाही. सरळ ओंडके एकावर एक गच्च बसतात. वाकड्यातिकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळच राहते. रेणूंचेही तसेच आहे. सरळ साखळ्या गच्च बसतात, म्हणून ती चरबी घट्ट. वाकड्या साखळ्या बसत नाहीत, म्हणून ती मऊ किंवा पातळ. आकडेच पाहा. स्टिअरिक आम्ल, १८ कार्बनांचे आणि सरळ, सुमारे ६९ अंश सेल्सियसला वितळते. ओलेइक आम्ल, तितक्याच लांबीचे पण एका ठिकाणी वाकलेले, १३ अंशांच्या आसपास वितळते. लिनोलेइक आम्ल दोन ठिकाणी वाकलेले. ते शून्याच्याही खाली पाच अंशांवर वितळते. लांबी तीच, फरक फक्त वाकण्याचा. (खोबरेल बहुतांशी संपृक्त असूनही मुंबईच्या उकाड्यात वाहते राहते, कारण त्यातील साखळ्या आखूड असतात.)

आता खाटकाकडे जाऊ. शाकाहारी श्रोत्यांनी क्षणभर क्षमा करावी. प्रयोगशाळा कोठे सापडेल हे आपल्या हाती नसते. बोकडाच्या किंवा मेंढ्याच्या गुर्द्याभोवती जी पांढरीशुभ्र चरबी असते ती घट्ट असते, बोटाने दाबली तर तुकडा पडतो. कातड्याखालची चरबी तिच्या मानाने मऊ. आणि पायांच्या नळ्यांतली, खुरांजवळची चरबी तर तेलासारखी. गुरांच्या पायांची हाडे उकळून एक तेल काढीत आणि ते कातडे मऊ ठेवण्यास वापरीत. त्याचा गुण हाच की ते थंडीतही सहजी गोठत नाही. एक गैरसमज येथे दूर करावा. पायांचे सूप थंड झाल्यावर जेलीसारखे थिजते ते चरबीने नव्हे. ते हाडा-कातड्यांतून निघालेल्या सरसाने. चरबी पाहावयाची असेल तर मटणाचा रस्सा रात्रभर ठेवावा आणि सकाळी वर धरलेला पांढरा थर पाहावा.

एकाच जनावरात, एकाच चाऱ्यावर वाढलेली चरबी तीन ठिकाणी तीन तऱ्हांची का? गुर्दा शरीराच्या गाभ्यात आहे. तेथे कायम ऊब. कातड्याखाली थोडे थंड. खुरांपाशी सर्वांत थंड. घट्ट चरबी खुरापाशी असती तर थंडीच्या दिवसांत ती मेणासारखी कडक झाली असती आणि पाय वाकणे मुश्किल झाले असते. लॉरेन्स अर्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ध्रुवप्रदेशाकडच्या प्राण्यांच्या चरबीचा वितळबिंदू तपासला. बर्फात उभ्या राहणाऱ्या प्राण्यांत, जसजसे पायाच्या टोकाकडे जावे तसतशी हाडांतली चरबी कमी तापमानाला वितळणारी आढळते.

याहून गमतीचा प्रयोग डेन्मार्कमध्ये हेन्रिकेस आणि हान्सेन या दोघांनी केला. तो १९०१ साली प्रसिद्ध झाला. चरबीत दुहेरी बंध किती आहेत हे ती आयोडीन किती शोषते यावरून मोजता येते. जितके आयोडीन अधिक तितकी चरबी अधिक असंपृक्त. या दोघांनी डुकराच्या पाठीवरच्या चरबीचे कातड्यापासून आतपर्यंत थर काढून तपासले. बाहेरचा थर सर्वांत असंपृक्त निघाला; आत जावे तसतसे प्रमाण घटत गेले. मग त्यांनी तीन डुकरे घेतली. एक उबदार जागी ठेवले, एक शून्य अंशाच्या थंडीत उघडे ठेवले आणि तिसऱ्याला त्याच थंडीत मेंढीच्या कातड्याचा कोट घालून ठेवले. थंडीत उघड्या राहिलेल्या डुकराची चरबी सर्वांत मऊ झाली. कोटवाल्याची तशी झाली नाही. थंडी तीच, पण अंगाला लागलेली नव्हती. चरबी ही नुसती गोदामातली पोती नसून ती आपल्या जागेच्या हवामानाशी जुळवून घेणारी जिवंत वस्तू आहे, हे त्या कोटाने सिद्ध केले.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही चरबीचे स्थानभेद दिसले होते, याची नोंद घेतली पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मेद, मज्जा आणि वसा हे तीन शब्द वेगळ्या अर्थांनी आले आहेत. मेद प्राण्यांच्या उदरात आणि बारीक हाडांत. मज्जा मोठ्या हाडांत. आणि शुद्ध मांसातला जो स्निग्ध अंश ती वसा. शिवाय आतड्यांपुढे पदरासारखी लोंबणारी जी चरबीची जाळी, तिला वपा हे स्वतंत्र नाव वैदिक काळापासून आहे. जुन्यांना सगळे ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. त्यांना रसायन ठाऊक नव्हते. पण डोळसपणे पाहणाऱ्याला एकाच चरबीला चार नावे द्यावीशी वाटली, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे आपणच त्या चारांचे एक करून टाकले आणि वजनकाट्यावर ठेवले.

माणसाचे काय? माणसाच्या चरबीचा कण सुईने काढून तपासता येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी आतलीही मिळते. तपासणीतून जे चित्र निघाले ते देवनारच्या खाटकाला ओळखीचे वाटेल. नितंब आणि मांड्या यांची चरबी पोटावरच्या चरबीपेक्षा अधिक असंपृक्त असते. तीत पामिटोलेइक, ओलेइक यांसारखी एका ठिकाणी वाकलेली मेदाम्ले अधिक आणि सरळ मेदाम्ले कमी. गुर्द्याभोवतीची चरबी त्याहून अधिक संपृक्त. टाचेखाली जी चरबीची गादी असते, जिच्यावर आपण दिवसभर देह तोलतो, तीही पोटाच्या चरबीहून अधिक असंपृक्त, म्हणून लवचीक. हातापायांच्या टोकांकडील हाडांतल्या पिवळ्या मज्जेतही असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक आढळते.

हा फरक घडवून आणणारे एक विकर आहे. विकर म्हणजे शरीरातली कामे जलद करणारे प्रथिन. हे विकर सरळ साखळीत दुहेरी बंध घालून तिला वाकवते. स्टिअरिकचे ओलेइक करते. मांडीच्या चरबीत त्याचे काम अधिक चालते. मात्र फरकाचे सारे श्रेय थंडीला देऊन मोकळे होता येत नाही. पोटातल्या आणि मांडीतल्या ऊतींतून चरबीच्या कोवळ्या पेशी काढून काचपात्रात, एकाच उबेत, एकाच अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या, तरी पोटाच्या पेशी पोटासारख्या वागतात आणि मांडीच्या मांडीसारख्या. मुंबईत तीन पिढ्या काढूनही कोकणी माणूस जसा गावचे हेल विसरत नाही, तसाच हा प्रकार. त्यात पुन्हा स्त्री-पुरुषांच्या संप्रेरकांची भर असते.

आणि अन्नाचे काय? पुष्कळांची समजूत अशी की आपण जे तेल खातो तेच अंगावर बसते. ती निम्मी खरी आहे. शेळ्यामेंढ्या हिरवा पाला खातात आणि पाल्यातली चरबी अतिशय असंपृक्त असते. पण त्यांच्या पोटातले जंतू तिचे वाकलेले बंध सरळ करून टाकतात, म्हणून मटणाची चरबी घट्ट. माणसाला तसे पोट नाही. त्यामुळे आपल्या चरबीवर खाल्लेल्या तेलाची छाप उमटते. मात्र ती हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत नव्हे तर वर्षांनी उमटते. अमेरिकेत १९५९ ते २००८ या काळात झालेल्या तपासण्या एकत्र मांडल्या, तेव्हा लोकांच्या चरबीतले लिनोलेइक आम्लाचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होते ते २१ टक्क्यांच्या वर गेलेले दिसले. कारण बियांची तेले आहारात वाढली. आपल्या देहातला स्नेह हा अशा रीतीने घरच्या किराणा मालाच्या यादीचा जुना हिशेब असतो. तथापि यादी तीच असूनही पोट आणि मांडी यांतला फरक कायम राहतो.

येथे एक साधा, पण महत्त्वाचा प्रश्न येतो. पोटातली चरबी अपायकारक आहे असे डॉक्टर सांगतात. ती घट्ट, संपृक्त असते म्हणून का? तसे नव्हे. मेदाम्लांचा फरक हा साक्षीदार आहे, आरोपी नव्हे. तो आपल्याला एवढेच सांगतो की हे दोन साठे वेगळे आहेत, त्यांचा कारभार वेगळा चालतो. खरे कारण त्या कारभारात आहे.

तो कारभार असा. कातड्याखालची चरबी ही बँकेतली मुदत ठेव समजा. पैसे आले की ठेवून घेते, सहजी सोडत नाही. मांडीची तर विशेषच. स्त्रियांच्या मांड्यांतली ठेव अंगावर पाजण्याच्या काळात अधिक सहज मोकळी होते, म्हणजे ती कोणासाठी राखून ठेवलेली होती हे उघड आहे. उलट वपेतली आणि आतड्यांभोवतीची चरबी हे चालू खाते. तिच्यातून मेदाम्ले झटपट सुटतात. आणि सुटून जातात कोठे? मांडीतले रक्त सबंध शरीराच्या अभिसरणात मिसळते; पण वपेतले आणि आतड्यांभोवतीचे रक्त थेट यकृतात जाते. (गुर्द्याभोवतीच्या चरबीचे रक्त या वाटेने जात नाही, हेही लक्षात ठेवावे, आतली म्हणून सगळी एक, असे नाही.) शिवाय या आतल्या चरबीत दाहकारक द्रव्ये निर्माण करणाऱ्या पेशी अधिक असतात. मेदाम्लांचा असा लोंढा दिवसरात्र यकृतावर येत राहिला की यकृतात चरबी साठते, इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो आणि रक्तात साखर व स्निग्ध द्रव्ये वाढतात. मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट येथून जाते.

हे प्रथम स्पष्टपणे मांडले मार्सेय येथील झाँ व्हाग या डॉक्टरने, १९४७ साली. त्याने स्थूल माणसांचे दोन साचे सांगितले. पोटावर सुटणारा, बहुधा पुरुषी, आणि नितंब-मांड्यांवर सुटणारा, बहुधा बायकी. आणि मधुमेहासारखे विकार पहिल्या साच्यात अधिक दिसतात हे दाखवले. त्याकडे बरीच वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९८४ साली स्वीडनमधील योटेबोरी येथील संशोधकांनी कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर मोजून हृदयविकाराशी ताडून पाहिले, तेव्हा व्हागचे म्हणणे साध्या टेपने पटले.

चरबीची जागा महत्त्वाची, वजन नव्हे, याचा एक पुरावा शस्त्रक्रियेने दिला. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची, कातड्याखालची चरबी नळीने शोषून काढली. प्रत्येकीची सुमारे ९ ते १० किलो. काटा खाली आला, कपडे सैल झाले. पण तीन महिन्यांनी तपासले तर इन्सुलिनचे काम, रक्तदाब, रक्तातली स्निग्ध द्रव्ये यांत सुधारणा नव्हती. बाहेरची ठेव कमी झाली. आतले चालू खाते होते तसेच राहिले. उलट उदाहरण जपानच्या सुमो मल्लांचे. त्यांचे पोट प्रचंड. पण आखाड्यात घाम गाळीत असेपर्यंत त्यांची बरीचशी चरबी कातड्याखाली असते आणि पोटात आत त्या मानाने थोडी. व्यायाम सुटला की हे चित्र पालटते.

सुमो मल्ल आपल्यात नाहीत. मग हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्यासाठीच तर हे सारे आहे. आणि ते पुण्याने जगाला दाखवले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक डॉक्टर काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही अगदी एकच: २२.३. म्हणजे काटा म्हणतो, दोघेही सडपातळ, दोघेही समान. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून अधिक! वजन तेच; पण एकाचे स्नायूंचे, दुसऱ्याचे मेदाचे.

हा फरक केवळ बैठ्या नोकरीचा आणि वडापावचा असता तर आपण तो आपल्याच माथी मारला असता. पण याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेले. तेथल्या माता शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ. त्यांची पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलो वजनाची. इंग्लंडातील साउदॅम्टनची बाळे ३.५ किलोची. खेड्यातले बाळ सर्वच मापांत लहान. दंड बारीक, पोट बारीक. परंतु पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची जी घडी चिमटीत धरून मोजतात, तीत ते फारसे मागे नव्हते. म्हणजे अपुऱ्या पोषणात बाळाने स्नायूंची काटकसर केली आणि चरबी राखली. ‘कृश तरी मेदयुक्त’ असे हे भारतीय बाळ २००३ साली शास्त्रीय जगात प्रसिद्ध झाले. २००९ साली पुण्याची आणि लंडनची नवजात बाळे चुंबकीय चित्रणाने तपासली गेली. वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या पोटात आतली चरबी अधिक निघाली.

याची एक उपपत्ती अशी सांगतात, आणि ती आपल्या घरांतल्या कणगीवरून चटकन समजेल. कातड्याखालचा साठा ही कणगी. ती मोठी असेल तर चार वर्षांचे पीक मावते. लहान असेल तर थोडे पीक जास्त झाले की धान्य बाहेर सांडते. माजघरात, ओटीवर, देवघरात, जेथे धान्य असू नये तेथे. आपली कणगी, विशेषतः मांड्यांकडची, लहान असावी. म्हणून थोडी सुबत्ता आली की मेद वपेत, यकृतात, स्नायूंत सांडतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्यानंतर एका पिढीत भरपेट आले, की हे घडते. त्यात कोणाचे पाप नाही. पण दुर्लक्ष केले तर फळ मात्र भोगावे लागते.

आता पुन्हा देवनारला येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरे, ७ लाख २४ हजारांहून अधिक स्त्रिया आणि १ लाखावर पुरुष यांच्यापर्यंत पाहणी करणारे पोचले. पूर्वीच्या फेऱ्यांत ते काटा आणि उंचीची पट्टी घेऊन जात. या वेळी प्रथमच त्यांच्याबरोबर कंबर आणि नितंब मोजण्याचा टेप होता. दोन मापांनी दोन देश दिसले. काट्याने पाहिले तर १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत २४ टक्के आणि पुरुषांत २२.९ टक्के अधिक वजनाच्या. टेपने पाहिले तर कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या रेषेवर असलेल्या स्त्रिया ५६.७ टक्के आणि पुरुष ४७.७ टक्के. काट्याला चौघांत एक दिसतो. टेपला दोघांत जवळजवळ एक.

या आकड्यांनी घाबरून जाऊ नये आणि त्यांना झटकूनही टाकू नये. गुणोत्तर दोन कारणांनी वाढते: कंबर मोठी असल्याने किंवा नितंब बारीक असल्याने. एखादी कृश स्त्री, जिचे पोट फार नाही, पण जिच्या मांड्यानितंबांवर काहीच नाही, तीही रेषेपलीकडे जाते. म्हणून टक्केवारी ही रोग्यांची संख्या नव्हे. पण वर सांगितलेली कणगीची गोष्ट आठवली तर नितंबांचे बारीक असणे हेही निव्वळ निरर्थक माप नाही, हे पटेल.

टेप कसा लावावा हे सांगतो, कारण शिंप्याकडचे माप आणि हे माप यांत फरक आहे. शेवटच्या बरगडीची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा बोटांनी चाचपावा. दोहोंच्या मध्यावर टेप आडवा फिरवावा. उभे राहावे, साधा श्वास सोडावा, पोट आत ओढू नये. आपण टेपला फसवू शकतो, यकृताला नाही. मग नितंबांचा घेर, जेथे तो सर्वांत अधिक भरतो तेथे. कंबरेच्या आकड्याला नितंबांच्या आकड्याने भागावे. कंबर ८२ आणि नितंब ९४ सेंटिमीटर असतील तर उत्तर ०.८७ येते. स्त्रियांत ०.८५ आणि पुरुषांत ०.९० ही रेषा. नुसत्या कंबरेसाठी भारतीयांची मर्यादा स्त्रियांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर धरतात. ती ओलांडली असेल तर डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, वजन कमी असले तरी. विशेषतः वजन कमी असले तरी. कारण अशा माणसाला घरचे, शेजारचे, कधी कधी दवाखान्यातलेही, ‘तुम्हाला काय धाड भरली आहे?’ असे म्हणून परत पाठवतात.

उपाय नवा नाही. पोटाला पट्टा बांधून किंवा तेवढ्याच जागी मालिश करून आतली चरबी हलत नाही. पण निसर्गाचा येथे एक अनुग्रह आहे. जी चरबी चालू खात्यासारखी सहज सुटते, ती सहज खर्चही होते. रोज भराभर चालू लागले, आहार थोडा आखडला, की आतली चरबी बहुधा लवकर उतरते. काट्यावर विशेष काही दिसण्याआधीच टेपवर दिसते. म्हणून महिनाभर चालूनही काटा हलला नाही असे म्हणत जे चालणे सोडून देतात, त्यांनी हिशेब चुकीच्या वहीत पाहिलेला असतो. आणि स्नायू राखणे, वाढवणे, हे आपल्या जन्मजात उणिवेवरचे उत्तर आहे. त्यासाठी जिने, जोरबैठका, पाणी भरणे, काहीही चालेल.

शेवटी मातांविषयी एक शब्द. पुण्याच्या त्या सहा खेड्यांनी शिकवलेला धडा असा की, आपल्या पोटातल्या चरबीची गोष्ट आपल्या ताटापासून सुरू होत नाही. ती आपल्या आईच्या ताटापासून सुरू होते. घरात जी मुलगी शेवटी जेवते, उरलेले जेवते, तिच्या ताटात पुढच्या पिढीची कणगी घडत असते. कंबरेचा टेप प्रत्येकाने आपल्यापुरता लावावा; तिचे ताट मात्र सगळ्या घराने पाहावे.

देवनारचा खाटिक चरबी बोटाने दाबून सांगतो की ही गुर्द्याची, ही पाठीची. आपल्याला तसे दाबून पाहण्याची सोय नाही. पण शिंप्याच्या दुकानातला दीड मीटरचा टेप आहे. वजनाचे ते जाड तिकीट आता जपून ठेवण्याचे कारण नाही. भविष्य त्याच्या मागच्या बाजूला नव्हते. ते कंबरेभोवती होते.